टाकीचं झाकण कुठे आहे?

आपल्या पिढीने घरं बांधली. आई-वडिलांच्या वाट्याला गावकुसाबाहेरचं पत्र्याचं घर किंवा चाळीतली एक खोली आली होती. आपण शिकलो, नोकरीला लागलो, बँकेने कर्ज दिलं आणि नांदेड, नागपूर, सुरत, भोपाळ, हैदराबाद, जिथे पोट घेऊन गेलं तिथे छोटासा प्लॉट घेऊन घर उभं केलं. त्या घरातली प्रत्येक गोष्ट आपण चर्चा करून ठरवली. बाबासाहेबांचा फोटो कुठल्या भिंतीवर, पुस्तकांचं कपाट कुठे, मुलांच्या अभ्यासाची खोली कोणती. बाथरूमच्या टाइल्ससाठी चार दुकानं पालथी घातली. एकच गोष्ट आपण गवंड्यावर सोडली: संडासची टाकी. ती किती मोठी, किती खोल, तिचं झाकण कुठे, तिचं पाणी कुठे जातं, हे बहुतेकांना आज विचारलं तर सांगता येणार नाही. झाकण पार्किंगच्या फरशीखाली आहे की स्वयंपाकघरामागच्या बोळात, यावरून नवरा-बायकोत मतभेद होतील.

हे अज्ञान साधं नाही. आपल्याला ठाऊक नसलेली ही टाकी एक दिवस भरते. मग फोन जातो आणि कुणीतरी येतं. ते कुणीतरी कोण असतं, हे मात्र आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या शहरी भागातली सुमारे ३८ टक्के घरं सेप्टिक टाकीवर अवलंबून होती आणि गटारवाहिनीला जोडलेली घरं सुमारे ३३ टक्के. म्हणजे 'मैला सरकारी पाइपातून वाहून जातो' हे शहरातल्या बहुसंख्य घरांच्या बाबतीत खरं नव्हतं. तो घराखालीच साचत होता. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टाक्यांची धोकादायक सफाई करताना ३७७ जण मेल्याचं केंद्र सरकारने संसदेत सांगितलं. खरा आकडा याहून मोठा आहे, असं सफाई कामगारांच्या संघटना सातत्याने सांगत आल्या आहेत. केंद्राच्याच 'नमस्ते' योजनेत गटार आणि टाक्या साफ करणाऱ्या कामगारांची नोंदणी सुरू झाली. सुमारे ३८ हजार कामगारांची माहिती जमली तेव्हा त्यातले जवळपास ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी निघाले. एकट्या अनुसूचित जातींचा वाटा ६९ टक्क्यांच्या आसपास होता. मैल्याच्या टाकीत कोण उतरणार, हे आजही जन्मच ठरवतो.

या मृत्यूंबद्दल आपण बोलतो तेव्हा ठेकेदाराला धरतो, पालिकेला धरतो, सरकारला धरतो. ते बरोबरच आहे. पण सेप्टिक टाकीतला मृत्यू गटारातल्या मृत्यूपेक्षा एका बाबतीत वेगळा असतो. गटार सरकारचं असतं. टाकी एखाद्या घराची, हॉटेलची, सोसायटीची असते, तिला मालक असतो. माणूस टाकीत उतरतो तो दिवस शेवटचा. त्याला उतरावं लागणार हे दहा-पंधरा वर्षं आधीच ठरलेलं असतं. टाकी कशी बांधली आणि नंतर तिच्याकडे कुणी पाहिलं की नाही, यावर ते ठरतं.

त्यासाठी टाकीचं काम कसं चालतं ते आधी समजून घेऊ. सेप्टिक टाकी म्हणजे मैला साठवायचा हौद नव्हे. तिथे मैला वेगळा होतो. जड भाग तळाशी बसतो, तो गाळ. तेलकट, हलका भाग वर तरंगतो, ती साय. मधलं पाणी पुढे सरकतं. हवेशिवाय जगणारे जंतू गाळ हळूहळू कुजवतात आणि त्यातून वायू तयार होतात, म्हणून टाकीला उंच वायुनळी लागते. टाकीत दोन कप्पे असावेत, पहिला दोन तृतीयांश आणि दुसरा एक तृतीयांश. दुसऱ्या कप्प्यातून बाहेर पडणारं पाणी शोषखड्ड्यात जावं. पाणी आत येतं आणि बाहेर जातं त्या दोन्ही ठिकाणी 'टी' आकाराचा पाइप असावा, म्हणजे साय आणि गाळ पाण्याबरोबर बाहेर पडत नाहीत. जंतू सगळा गाळ खाऊन संपवत नाहीत. तो वर्षानुवर्षं साचत जातो आणि काढावाच लागतो. 'आमची टाकी कधी भरतच नाही' असं कुणी अभिमानाने सांगत असेल, तर तिथला मैला जमिनीत, विहिरीत किंवा नाल्यात जातो आहे असं समजावं.

टाकी किती मोठी असावी? भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २४७० या संहितेप्रमाणे पाच माणसांच्या घराला सुमारे दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि आत साधारण एक मीटर पाणी राहील एवढी टाकी पुरते. म्हणजे पाच फूट बाय अडीच फूट. त्यातला गाळ एक-दोन वर्षांनी काढायचा, हे त्या हिशेबातच धरलेलं आहे. प्रत्यक्षात आपल्याकडे दहा फूट लांब, सहा फूट रुंद, आठ फूट खोल अशा टाक्या सर्रास दिसतात. गवंडी सांगतो, "साहेब, एकदाच मोठी करून टाका, पंधरा वर्षं बघायला नको." आणि आपल्याला ते पटतं.

पंधरा वर्षं बघायला नको, याचा अर्थ पंधरा वर्षांनी काय होतं? तळाचा गाळ दबून घट्ट होतो. मैला उपसणाऱ्या गाडीची नळी पातळ गाळ ओढू शकते, चिखलाचा थर तिला ओढता येत नाही. वरचं पाणी निघून जातं आणि खाली दोन-तीन फूट घट्ट थर उरतो. मग गाडीवाला म्हणतो, "पोराला आत उतरवावं लागेल, फावड्याने मोकळं करू." जास्तीचे पाचशे रुपये ठरतात. टाकी मोठी आणि खोल, झाकण जेमतेम माणूस सरकेल एवढं, वायुनळी कधीच मोडलेली. आत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. थोडा असला तर त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची ताकदच मारतो. उतरणाऱ्याला वाटतं वास गेला, म्हणजे हवा सुटली. प्रत्यक्षात तो मरणाच्या जवळ गेलेला असतो. दोन-चार श्वासांत शुद्ध जाते आणि त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. जून २०१९ मध्ये गुजरातेत डभोईजवळच्या एका हॉटेलच्या टाकीत सात जण गेले. त्यातले चार सफाई कामगार होते आणि तिघे हॉटेलचे नोकर. मे २०२३ मध्ये परभणीच्या सोनपेठ तालुक्यात पाच मजूर गेले.

आता प्रश्न असा की एवढी मोठी टाकी लोक का बांधतात? पैसे जास्त लागतात, जागा जास्त जाते, तरीही का? डायन कॉफी आणि डीन स्पीअर्स यांच्या २०१७ च्या 'व्हेअर इंडिया गोज' या पुस्तकात उत्तर भारतातल्या खेड्यांबद्दल याचं उत्तर आहे. सरकार सुचवत असलेला छोटा शोषखड्डा लोकांना नको असतो. तो काही वर्षांत भरेल, मग रिकामा कोण करणार? ते काम 'त्यांचं' आहे, आपण हात लावला तर विटाळ. आणि 'ते' आता हे काम करायला पूर्वीसारखे येत नाहीत. म्हणून एक तर संडासच नको, नाहीतर पिढीभर उघडावा लागणार नाही एवढा प्रचंड खड्डा हवा.

म्हणजे ही मोठी टाकी इंजिनिअरिंगच्या गरजेतून आलेली नाही. ती विटाळाच्या भीतीतून आली आहे. सिमेंट आणि विटांत बांधलेली ती जातच आहे. आणि मुद्दा असा की ती आपल्याही घराखाली आहे. ज्यांच्या घरातून जात हद्दपार करायची म्हणून आपण नावं बदलली, लग्नं साधेपणाने केली, पोथ्या बाहेर काढल्या, त्याच घराचा नकाशा गवंड्याने विटाळाच्या हिशेबाने काढला आणि आपण त्यावर सही केली.

याचं दुसरं टोक पाहा. गावात दोन खड्ड्यांचा संडास असेल तर एक खड्डा भरल्यावर मैला दुसऱ्यात वळवायचा असतो. पहिला बंद करून दीड-दोन वर्षं ठेवला की आतल्या मैल्याची माती होते. वास नाही, किडे नाहीत. घरातल्या कुणीही ती फावड्याने काढून शेतात टाकावी. यात सफाई कामगाराची गरजच संपते. ज्यांची गावाकडे घरं आहेत आणि जिथे विहीर जवळ नाही, त्यांनी शेजाऱ्याकडे पाहून सेप्टिक टाकी बांधण्याआधी याचा विचार करावा.

इथे आपल्यातल्या काहींना एक गोष्ट टोचेल. आपल्या आजोबांनी झाडू टाकला, मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं, बाबासाहेबांच्या चळवळीने घाणीची कामं सोडायला सांगितली. आणि आता पदवी घेतलेल्या नातवाने टाकीत काठी घालून बघायचं? फरक नीट समजून घेतला पाहिजे. त्यांनी सोडलं ते जन्माने लादलेलं, दुसऱ्याच्या घाणीचं, नाही म्हणायची सोय नसलेलं काम. स्वतःच्या घरात किती मैला साचला हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं त्याच्या बरोबर उलट आहे. आपण ते पाहिलं नाही तर आजोबांनी टाकलेला झाडू दुसऱ्या कुणाच्या तरी नातवाच्या हातात जातो. महाराष्ट्रात तो मेहतर-वाल्मिकी वस्तीतला असेल, तमिळनाडूत अरुंधतियार, आंध्र-तेलंगणात मादिगा. आपण दलित, तोही दलित, आणि तरीही त्याच्या वस्तीतून फक्त टाकी भरल्यावर माणूस बोलवायचा, हे आपल्याला शोभत नाही.

मग काय करायचं? काम वर्षातून एकदा, तासाभराचं. पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये करावं.

आधी झाकण शोधा. फरशीखाली गेलं असेल तर फरशी काढून तिथे उचलता येणारं झाकण बसवा. दोन्ही कप्प्यांवर वेगळं झाकण हवं. टाकी, शोषखड्डा, पाइप, सगळ्याचा साधा नकाशा काढून घराच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा. घर विकलं किंवा भाड्याने दिलं तर पुढच्यालाही तो द्या.

मग बाहेरून पाहणी. झाकणाला तडा गेला आहे का? वायुनळी शाबूत आहे का, टोकाला जाळी आहे का, ती घराच्या छतापेक्षा वर गेली आहे का? शोषखड्ड्याजवळ जमीन ओली, तिथलंच गवत जास्त हिरवं, असं दिसतं का? संडासात पाणी हळू उतरतं का, खालून बुडबुडे येतात का? काळ्या मातीत शोषखड्डा लवकर चोंदतो, तिथे जास्त लक्ष हवं. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांच्यात किमान १८ मीटर अंतर सांगितलेलं आहे.

नंतर गाळ मोजायचा. झाकण दोघांनी मिळून उचलावं, थोडा वेळ उघडं ठेवून दूर थांबावं. लहान मुलं जवळ नकोत. बिडी, काडी, दिवा काही नको, कारण आतला मिथेन पेट घेतो. आत वाकून डोकावायचं नाही आणि हे काम एकट्याने करायचं नाही. एका लांब सरळ काठीच्या खालच्या टोकाला जुना पांढरा टॉवेल गुंडाळून घट्ट बांधा. उभ्यानेच ती तळापर्यंत सोडा, काही मिनिटं ठेवा, सावकाश वर काढा. जिथपर्यंत काळा डाग आला तेवढा गाळ. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या उंचीचा तिसरा हिस्सा झाला की गाडी बोलवायची वेळ झाली. काठी घालणं नकोच वाटत असेल तर सरळ नियम ठेवा: दर दोन-तीन वर्षांनी गाडी, टाकी भरल्यासारखी वाटो न वाटो. गाळ पातळ असतानाच तो नळीने निघतो. वेळेवर काढलेल्या गाळासाठी कुणाला आत उतरावं लागत नाही.

संडासात काय जाऊ द्यायचं नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगा. पॅड, डायपर, कंडोम, ओले पुसणे, केसांचे गुंतवळे, तळणाचं तेल यांनी पाइप तुंबतो आणि नळी अडते, आणि मग पुन्हा तेच: 'पोराला उतरवू का?' ॲसिड आणि फिनेल भसाभसा ओतलं की गाळ कुजवणारे जंतू मरतात. बाजारात मिळणारी जंतूंची पावडर टाकली म्हणून गाळ उपसायची गरज संपत नाही.

गाडी येईल त्या दिवशी घरी थांबा. चावी शेजारच्यांकडे देऊन ऑफिसला जाऊ नका. आधी फोनवर आणि मग समोर एकच अट सांगा: कुणीही आत उतरणार नाही, अर्धा गाळ राहिला तरी चालेल. घट्ट गाळ वरून पाणी मारून, लांब दांड्याने ढवळून पातळ करता येतो. टाकी घासूनपुसून कोरडी करायचीच नसते, तळाला थोडा गाळ ठेवायचा असतो, त्यातल्या जंतूंवरच पुढचं काम चालतं. कामगारांना हातमोजे, बूट आहेत का पाहा. हात धुवायला साबण आणि पाणी द्या, बसायला खुर्ची द्या, घरच्याच कपात चहा द्या. आणि काही झालंच, कुणी आत पडलंच, तर त्याच्यामागे उतरू नका, कुणाला उतरू देऊ नका. ११२ ला किंवा अग्निशमन दलाला १०१ ला फोन करा.

कायदाही हेच सांगतो. २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ नुसार कोणतीही व्यक्ती, पालिका किंवा संस्था सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कुणालाही, थेट किंवा आडून, कामाला लावू शकत नाही. 'कोणतीही व्यक्ती' यात घरमालक आला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केला तर पाच वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. सुरक्षासाधनं दिली तर सफाई 'धोकादायक' ठरत नाही, अशी पळवाट व्याख्येत आहे. पण घरच्या टाकीसाठी आपण ती वापरायचीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख भरपाई ठरवली. भरपाई मात्र सहज मिळत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका सोसायटीच्या टाकीत तिघे गेले. त्यांच्या पत्नींना उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा सप्टेंबर २०२१ मध्ये प्रत्येकी १० लाखांचा आदेश मिळाला.

ही घटना सोसायटीतली होती, हे लक्षात ठेवा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला वाटतं टाकी आपली नाही. ती सगळ्यांची असते, म्हणून कुणाचीच नसते. आपल्यातले अनेक जण आता सोसायटीच्या कमिटीत बसतात. वार्षिक सभेत लिफ्ट आणि रंगकामाबरोबर एक विषय मांडा: टाकी शेवटची कधी उपसली, कुणी उपसली, कशी उपसली? पुढच्या ठेक्यात 'माणूस उतरणार नाही' ही अट लिहून घ्या. सभेत पहिल्यांदा हसतील. अट लिहिली जाईपर्यंत विचारत राहा.

आणखी एक प्रश्न: गाळ गेला कुठे? अनेक घरांच्या टाकीचं पाणी शोषखड्ड्यात न जाता सरळ उघड्या नालीत सोडलेलं असतं. ती नाली सकाळी कोण उपसतं? अनेक गाड्या गावाबाहेर ओढ्यात रिकाम्या होतात, आणि त्या बाजूला वस्ती बहुधा आपल्याच लोकांची असते. गाडीवाल्याला विचारा, कुठे टाकणार? मैला-गाळ प्रक्रिया केंद्र असेल तिथेच गेला पाहिजे. कर्नाटकात देवनहळ्ळीला २०१५ मध्येच असं केंद्र सुरू झालं. आता अनेक छोट्या शहरांत ती आहेत.

'हे सगळं आम्हीच का करायचं, सरकार कशाला आहे?' हा प्रश्न योग्य आहे आणि तो मोठ्याने विचारलाच पाहिजे. महाराष्ट्रात वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी वेळापत्रकाने टाक्या उपसायला सुरुवात केली. टाकी तुंबल्यावर फोन करायचा नाही, गाडीच दर तीन वर्षांनी घरोघर येते, खर्च कराच्या पैशांतून भागतो. लहान पालिकांना हे जमतं तर महानगरपालिकांना का जमू नये? आपल्या वॉर्डात ही मागणी करा, निवेदन द्या, निवडणुकीत विचारा. पण मागणी करणाऱ्याच्या स्वतःच्या टाकीचं झाकण फरशीखाली गाडलेलं असेल, तर पालिकेची गाडी आली तरी नळी घालणार कुठे?

शिकून आपण काय केलं, याची उत्तरं आपल्याकडे बरीच आहेत: नोकरी, घर, मुलांची शाळा. त्यात एक उत्तर असंही असावं, की माझ्या घराच्या मैल्यासाठी कुणाच्याही मुलाला टाकीत उतरावं लागलं नाही, आणि पुढेही लागणार नाही अशी सोय मी केली आहे. येत्या रविवारी झाकण शोधा.

जय भीम.